मुंबईतल्या एका खाटेचा इतिहास

मुंबईत घर घेणं परवडत नाही, यावर आपण सगळेच बोलतो. पण घराच्या आधीची एक पायरी असते, तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. ती म्हणजे खाट. गावाहून आलेल्या माणसाला पहिल्या रात्री पाठ टेकायला मिळणारी जागा. ही जागा ज्याला मिळाली तो शहरात टिकला, ज्याला नाही मिळाली तो परतीच्या गाडीत बसला. मुंबईचा इतिहास गिरण्यांचा, गोदीचा, संपांचा, सिनेमाचा असा सांगितला जातो. आज तो खाटेच्या बाजूने सांगतो. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

निमित्त असं झालं. गेल्या महिन्यात कामासाठी तीन रात्री अंधेरीला राहायचं होतं. लॉजचे दर बघून डोळे फिरले. भाचा म्हणाला, "मामा, हॉस्टेल बघ की. आता सगळे तिथंच उतरतात." म्हटलं बघू. एका रात्रीचे साडेआठशे रुपये, ॲपवरून आधीच भरायचे. गेलो तर जागा खरंच देखणी. भिंतीवर लोकल आणि काळी-पिवळी टॅक्सीची चित्रं, दारातच निऑनच्या अक्षरांत चहाची कसलीशी गमतीदार ओळ, बसायला बीन बॅग, एका कोपऱ्यात पुस्तकं. खोलीत आठ खाटा, रेल्वेच्या बर्थसारख्या वर-खाली. प्रत्येक खाटेला पडदा, उशाशी एक छोटा दिवा, मोबाईल लावायला प्लग, खाली कुलपाचा खण. संडास-बाथरूम सामाईक, पण स्वच्छ. खोटं कशाला बोलू, मला जागा आवडली. झोपही चांगली लागली.

माझ्या खोलीत लातूरहून ऑडिशनला आलेला एक मुलगा होता, नागपूरचा एक जण मुलाखतीसाठी आला होता, दोघं परदेशी होते आणि एक गृहस्थ फिरतीच्या नोकरीवाले. रात्री सगळे बाहेरच्या मोठ्या टेबलावर बसले. नागपूरवाला म्हणाला, "कन्सेप्ट भारी आहे ना सर? खोली नाही, फक्त बेड विकायचा. अगदी नवीन आयडिया."

नवीन? मी हसलो. कारण आमच्या घरातले दोन पुरुष खोलीत नव्हे, खोलीतल्या एका पथारीवर तीस-तीस वर्षं मुंबईत राहिले होते.

आधी या हॉस्टेलचं मूळ थोडक्यात सांगतो. १९०९ साली रिचर्ड शिरमान नावाचे जर्मन शिक्षक शाळेच्या मुलांना घेऊन पायी सहलीला निघाले. वाटेत पावसाने गाठलं आणि एका गावातल्या शाळेत रात्र काढावी लागली. त्यातून त्यांना सुचलं की मुलांना स्वस्तात मुक्काम करता येईल अशा जागा गावोगावी हव्यात. १९१२ साली आल्टेना इथल्या जुन्या किल्ल्यात पहिलं कायमचं युवा वसतिगृह सुरू झालं. एका मोठ्या खोलीत अनेक खाटा आणि सामाईक स्वयंपाकघर, ही पद्धत तिथून जगभर गेली. भारतात यूथ हॉस्टेल्स असोसिएशन १९५४ साली आली. दुसरा धागा जपानचा. १९७९ साली ओसाकात किशो कुरोकावा या वास्तुरचनाकाराने पहिलं कॅप्सूल हॉटेल उभारलं. शेवटची गाडी चुकलेल्या नोकरदाराला आडवं होता येईल एवढीच पेटी. त्याची आपल्याकडची आवृत्ती म्हणजे मुंबई सेंट्रल स्टेशनातलं पॉड हॉटेल. नोव्हेंबर २०२१ मधे ४८ पॉडनी ते सुरू झालं, तेव्हा १२ तासांचे ९९९ रुपये होते.

पण मुंबईला खाटेचं शहर बनवलं ते गिरण्यांनी. कावसजी दावरांनी १८५४ साली ताडदेवला पहिल्या कापड गिरणीची मुहूर्तमेढ रोवली. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत भायखळ्यापासून परळपर्यंत धुराडी उभी राहिली. त्यांना माणसं हवी होती. ती आली रत्नागिरीतून, साताऱ्यातून, घाटावरून, कोल्हापूरच्या आजरा-चंदगड-गडहिंग्लज पट्ट्यातून. मालकांना कामाला हात हवे होते. त्या हातांचा धनी रात्री कुठं झोपेल, हा प्रश्न बहुतेकांनी त्याच्यावरच सोडला. १८९६ च्या प्लेगने दाटीवाटीची किंमत दाखवली, तेव्हा सरकारने १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. त्यातून बीआयटी चाळी आल्या. पुढे १९२० नंतर डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथं मिळून २०७ बीडीडी चाळी बांधल्या. तळमजला अधिक तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या, एक खोली साधारण १६० चौरस फुटांची.

या १६० फुटांत माणसं किती राहायची? इथं येते गावकीची खोली.

ज्यांना ही पद्धत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. गावातली दहा-वीस माणसं मुंबईत आली की वर्गणी काढून एक खोली पागडीवर घ्यायची. ग्रामस्थ मंडळ स्थापन व्हायचं. भाड्याची पावती एका-दोघा जाणत्यांच्या नावावर, पण खोली गावाची. गावातला कोणीही माणूस आला तर त्याला तिथं उतरायचा हक्क. प्रत्येकाची एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी. ट्रंका भिंतीला लावून एकावर एक, कपडे दोरीवर, देवाचा फोटो खिडकीच्या वर. महिन्याच्या एका रविवारी मीटिंग, हिशेबाची वही, उशिरा वर्गणी भरणाऱ्याला दंड. खोलीचा कारभारी सांगेल तसं वागायचं. खोलीत दारू चढवून आलेल्याला सगळ्यांसमोर झापायचे आणि गावाकडे पत्रही जायचं.

आमचे आबा लालबागला अशाच एका खोलीत होते. त्यांना एकदा विचारलं, की एवढी माणसं झोपायची कशी? म्हणाले, "आरं, जागा माणसाला नव्हतीच, पाळीला हुती. पयल्या पाळीचा उठून गेला की रातपाळीचा येऊन त्याच जाग्यावर आडवा व्हायचा. वाकळ गारच पडायची न्हाई." उरलेले गॅलरीत, जिन्यात, उन्हाळ्यात फुटपाथवर. आज हॉस्टेलवाले ज्याला खाटेचा पुरेपूर वापर म्हणतील, तो गिरणगावाने शंभर वर्षांपूर्वीच करून दाखवला होता. फक्त पडदा नव्हता आणि उशाशी दिवा नव्हता.

जेवणाचं काय? खाणावळ. चाळीतलीच एखादी बाई दहा-पंधरा गड्यांचं दोन वेळचं जेवण करायची, पैसे महिन्याच्या पगाराला. नवऱ्याचा पगार पुरत नाही किंवा नवराच राहिला नाही, अशा कितीतरी बायकांनी या चुलीवर घर चालवलं. माल उधारीवर आणायचा आणि सावकाराला भरमसाट व्याज द्यायचं. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि बँकेचं कर्ज त्यांच्या हातापर्यंत पोचवलं. गिरणीच्या इतिहासात भोंगा असतो, कामगार असतो, पुढारी असतो. त्या कामगाराला खाऊ घालणारी ही बाई मात्र फार उशिरा दिसायला लागली.

असंच गोव्याचं. धोबी तलाव, माझगाव भागात गोंयकारांचे 'कूड' म्हणजे गावाचे क्लब. बोटीवर खलाशी किंवा स्वयंपाकी म्हणून जाणारा तारवटी दोन बोटींच्या मधल्या काळात कुडात उतरायचा. भिंतीशी ओळीने पेट्या, समोर गावच्या संताची वेदी, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून प्रार्थना, आणि भाडं अगदी नाममात्र. धोबी तलावाच्या जेर महाल इमारतीत असे कूड अजून आहेत. आजऱ्याच्या खोलीत भजन आणि कुडात रोझरी, एवढाच काय तो फरक. बाकी सगळं तेच: गावाची जागा, गावाचा नियम, गावाचा धाक.

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल, वा, किती छान दिवस होते. थांबा. या खाटेची दुसरी बाजूही बघायला हवी.

गावकीची खोली गावकीची होती, म्हणजे गावातल्या उतरंडीचीही होती. गावात जो वेशीबाहेर, त्याला मुंबईतल्या गावाच्या खोलीत वळकटी टाकायला मिळेलच असं नव्हतं. त्याने आपल्या माणसांची वेगळी खोली शोधायची. बाबासाहेब आंबेडकर स्वतः परळच्या बीआयटी चाळीत वीसेक वर्षं राहिले. परदेशातून शिकून आल्यावरही खाटेचा प्रश्न त्यांना सुटला नव्हता, आणि त्याची हकिगत त्यांनीच लिहून ठेवली आहे. १९१७ साली ते बडोदा संस्थानात नोकरीला गेले. कोलंबिया विद्यापीठात शिकलेला माणूस, संस्थानचा अधिकारी, आणि शहरात राहायला जागा नाही. हिंदू हॉटेलात जात विचारणार. शेवटी एका पारशी उताऱ्यावर, पारशी नाव लावून, रोजच्या दीड रुपयावर ते राहिले. अकराव्या दिवशी दहा-बारा पारशी हातात काठ्या घेऊन आले आणि संध्याकाळपर्यंत खोली सोड म्हणाले. एका हिंदू मित्राकडे आणि एका ख्रिस्ती मित्राकडे विचारून पाहिलं, दोघांनीही आपली अडचण सांगितली. मग त्यांनी मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत कमाठी बागेत बसून काढली. दीड रुपया खिशात होता. पैसे असूनही खाट मिळत नाही, ही गोष्ट या देशात नवी नाही.

आणि बायका? गावकीच्या खोलीत बायकांना जागा नव्हती. कूडही पुरुषांचेच. बाई मुंबईत आली तर कोणाची तरी बायको, आई, बहीण म्हणून. एकटीने आली तर तिच्यासाठी वळकटी टाकायची जागा गावाने केलेली नव्हती. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदासदन काढलं, ते विधवांना राहून शिकता यावं म्हणून. त्यात शिक्षणाइतकंच राहण्याला महत्त्व होतं, हे आपण विसरतो. ज्या बाईला रात्री डोकं टेकायला हक्काची जागा नाही, तिला शिकवणार कसं?

म्हणजे जुनी खाट स्वस्त होती, पण ती आपल्यांपुरती होती. पैसे कमी लागायचे, ओळख मात्र पूर्ण लागायची. गाव, जात, धर्म, पुरुषपण, सगळ्याची.

ही अडचण ओळखून आपल्याच मुलखात काही माणसांनी फार मोठं काम करून ठेवलंय. कोल्हापूरला राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं. १९०६ ला मुस्लिम बोर्डिंग, १९०८ ला अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, आणि अशी एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहत गेली. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते त्यामुळे. महाराजांना शाळा काढता आल्या असत्याच, त्या त्यांनी काढल्याही. पण खेड्यातलं पोरगं शाळेपर्यंत पोचायचं असेल तर शहरात त्याची खाट हवी, हे त्यांना नेमकं कळलं होतं. त्या काळात सगळ्यांना एका पंगतीत बसवणं अवघड होतं, म्हणून बोर्डिंगं जातवार झाली.

पुढचं पाऊल कर्मवीर भाऊराव पाटलांनी टाकलं. १९२४ साली साताऱ्यात त्यांनी बोर्डिंग काढलं, त्यात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एकत्र जेवायची. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असं नाव मिळालं. हे बोर्डिंग चालवायला लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, ही गोष्ट रयतच्या शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तिकडे गाडगेबाबांनी अंगावर चिंध्या घालून लोकांच्या वर्गणीतून धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा आजही टाटा रुग्णालयात येणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटना आणि त्यांच्या नातेवाइकांना आसरा देते.

मला या सगळ्यात एक सरळ रेघ दिसते. गावकीची खोली म्हणजे 'आपल्या माणसाची खाट'. शाहू महाराजांचं बोर्डिंग म्हणजे 'गरजू समाजाची खाट'. कर्मवीरांचं बोर्डिंग आणि गाडगेबाबांची धर्मशाळा म्हणजे 'कोणाचीही खाट'. पैसे कमी आणि ओळखही विचारायची नाही, इथपर्यंत आपण शंभर वर्षांपूर्वी पोचलो होतो. ही रेघ पुढे जायला हवी होती. ती मधेच थांबली.

कशी थांबली ते बघा.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप अधिकृतपणे कधी मिटलाच नाही. गिरण्या मोडत गेल्या. खोल्यांतल्या ट्रंका एकेक करून गावाला गेल्या. आमचे आबाही त्यातच परतले. १९९१ च्या नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश वाटा मोकळ्या जागेसाठी आणि एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी ठेवायचा होता. २००१ साली नियम बदलला, हिशेब फक्त इमारत नसलेल्या मोकळ्या जमिनीचा धरला गेला, आणि सार्वजनिक वाटा आटला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल मान्य केला. जिथं भोंगा वाजायचा तिथं आता मॉल आहेत.

गावकीच्या खोल्या तरीही टिकल्या. कारण भाडं. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली होती. म्हणून गिरणी गेली तरी पुढच्या पिढीला खोली परवडली. माथाडी, कुरिअरवाला, सिक्युरिटी गार्ड, हॉटेलातला पोऱ्या आणि आता स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी पोरं, असे सगळे त्या खोल्यांत राहिले. माझा चुलतभाऊ २००५ च्या सुमारास त्याच लालबागच्या खोलीत राहून नोकरीला लागला. महिन्याची वर्गणी तेव्हा शंभराच्या आत होती.

आता तिथं पुनर्विकास आलाय. बीडीडी चाळीत १६० फुटांच्या जागी ५०० फुटांचं घर मिळतंय, वरळीत तर २०२५ मधे पहिल्या चाव्याही दिल्या गेल्या. ज्या कुटुंबांनी तीन पिढ्या त्या एका खोलीत काढल्या, त्यांच्यासाठी हा न्यायच आहे, त्याला कोणी नाव ठेवू नये. जुन्या उपकरप्राप्त इमारतींतही मोठी घरं मिळतात. पण खोली गावाची असेल तर? पावती ज्याच्या नावावर तो कधीच वारला. त्याची मुलं म्हणतात घर आमचं. गाव म्हणतं वर्गणी आमची. काही मंडळांनी कागद करून ठेवलेत, ती तरली. बाकीच्या ठिकाणी एक तर कोर्ट, नाहीतर विक्री. विकून आलेल्या पैशात गावाकडे देवळाचा कळस होतो, सभामंडप होतो. देऊळ झालं याचं वाईट नाही वाटत. पण गावाच्या पोराची मुंबईतली खाट गेली, आणि तिची नोंद कुठल्याही सरकारी वहीत नाही. कारण ती खाट सरकारच्या लेखी कधी नव्हतीच.

या मोकळ्या झालेल्या जागेत हॉस्टेल आलंय. त्याचं श्रेय त्याला देऊ. माझ्या तीन रात्रींत मला कोणी आडनावावरून काही विचारलं नाही. पलीकडच्या खोलीत फक्त मुलींच्या खाटा होत्या, तिथं औरंगाबादची, कोचीची, इंफाळची मुलगी एकेकटी येऊन राहिली होती. १९१७ च्या बडोद्यात जे पैसे मोजूनही मिळालं नाही ते इथं ॲपवर मिळालं. गावकीच्या खोलीने जे बाईला कधी दिलं नाही ते इथं मिळालं. ही छोटी गोष्ट नाही.

पण दाराला नवी कुलपं लागली आहेत. दुसऱ्या रात्री बऱ्याच उशिरा विशीतला एक मुलगा आला. विरारची शेवटची लोकल चुकलेली. रोख पैसे हातात. काउंटरवरच्या पोराने आधार कार्ड बघून परत दिलं. "लोकल आयडी चालत नाही सर, पॉलिसी आहे." म्हणजे मुंबईत राहणाऱ्याला मुंबईत खाट नाही! असा नियम बऱ्याच लॉज-हॉस्टेलांत असतो. हा धंद्याचा आपला नियम, 'नको ती भानगड' म्हणून केलेला. मुलगा फार वाद न घालता निघून गेला. स्टेशनवर बसला असेल, दुसरं काय.

काही ठिकाणी वयाची अट असते, पन्नाशीच्या पुढच्याला सामाईक खोलीत घेत नाहीत. बुकिंग ॲपवर, ॲप इंग्रजीत, पैसे आधी. पेशंटला घेऊन आलेल्या जालन्याच्या म्हाताऱ्या जोडप्याने हे कसं करायचं?

आणि आता हिशेब. साडेआठशे गुणिले तीस म्हणजे महिन्याला साडेपंचवीस हजार. आठवडाभर आलेल्या पाहुण्याला हा दर स्वस्त आहे. नोकरी शोधायला आलेल्या पोराला तो दर म्हणजे बंद दरवाजा आहे. सरकार काय देतं? वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आली, तेव्हा मुंबई-पुण्यासाठी निवासाचा भत्ता ठरला वर्षाला २०,००० रुपये. महिन्याला सोळाशे सहासष्ट. त्या देखण्या हॉस्टेलात या भत्त्याच्या दोन रात्रीही होत नाहीत! शाहू महाराजांनी खाट दिली होती. आपण खाटेऐवजी भत्ता देतो, तोही असा.

बेघरांचं तर बोलायलाच नको. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निकष होता: एक लाख लोकसंख्येमागे १०० माणसांचा एक कायमस्वरूपी निवारा. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या एक कोटी २४ लाख होती. म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. आपण त्याच्या जवळपासही नाही. टाटाच्या बाहेर फुटपाथवर अंथरूण घालून झोपलेली कुटुंबं ज्यांनी पाहिलीत, त्यांना आकडा सांगायची गरजच नाही. १९४१ साली ते रुग्णालय सुरू झालं, देशभरातून पेशंट तिथं येतो, आणि त्याच्या सोबत्याने कुठं झोपायचं याचं उत्तर आजही मुख्यतः धर्मादाय संस्था देतात.

मग करायचं काय? तीन गोष्टी सुचवतो. तिन्ही होण्यासारख्या आहेत.

पहिली, गावाच्या मंडळांसाठी. तुमच्या गावाची खोली मुंबईत असेल आणि इमारत पुनर्विकासात जाणार असेल, तर आजच पावती कोणाच्या नावावर आहे ते बघा. मंडळाची नोंदणी, घटना, सभासदांची यादी, वर्गणीच्या जुन्या वह्या एका जागी ठेवा. आणि नवीन घर मिळालं तर ते विकायच्या आधी गावसभेत एक प्रश्न विचारा: आपल्या पोरीसुद्धा आता मुंबईत शिकायला जातात, हे घर त्यांना मिळेल का? आजोबांनी वळकटीची जागा केली होती. नातीसाठी खाट करायला काय हरकत आहे?

दुसरी, महापालिका आणि म्हाडासाठी. पुनर्विकासात बालवाडीला, सोसायटीच्या ऑफिसला जागा ठेवता, तशी मोठ्या प्रकल्पात कमी दराच्या खाटांची एक इमारत ठेवा. केंद्राची नोकरदार महिला वसतिगृहांची योजना १९७२-७३ पासून आहे, आता ती 'सखी निवास' म्हणून ओळखली जाते. योजना जुनी, पैशात केंद्राचा वाटा, जागा आपण द्यायची. मोठ्या रुग्णालयांच्या आणि टर्मिनसच्या आसपास अशीच सामाईक निवासाची सोय हवी. रेल्वेला ४८ पॉड जमले, तर पालिकेला ४८० साध्या खाटा का जमू नयेत? हॉस्टेलवाल्यांकडून एक शिकण्यासारखं आहे: थोड्या जागेत, स्वच्छ, पडदा-कुलपासकट, माणसाचा मान ठेवून खाट देता येते. सरकारी वसतिगृह म्हणजे गळका नळ आणि तुटका पलंगच असला पाहिजे, असं कुठं लिहिलंय?

तिसरी, नियमाची. कुठलंही वैध ओळखपत्र आणि पैसे घेऊन आलेल्या सज्ञान माणसाला केवळ त्याच शहरात राहतो म्हणून परत पाठवता येणार नाही, असं परवाना देणाऱ्यांनी स्पष्ट लिहावं. रात्री एक वाजता गाडी चुकलेल्या माणसाला पॉलिसी ऐकवायची नसते, खाट द्यायची असते.

या शहराने माझ्या आबांना कधी घर दिलं नाही. पण अर्ध्या दिवसापुरती का होईना, एक जागा दिली, आणि त्या जागेवर आमच्या घरातली चार पोरं शिकली. लाखो घरांची गोष्ट हीच आहे. पुढच्या पोराला आणि पोरीला ती जागा कोण देणार, हे आपण ठरवायचं आहे.

तुमच्या गावाची खोली मुंबईत कुठं होती, अजून आहे का, तिचं काय झालं, ते कमेंटमधे जरूर लिहा. गाव, तालुका आणि चाळीचं नाव लिहिलंत तरी पुष्कळ. या खोल्यांची यादी कोणीच केलेली नाही. निदान आपण तरी करू या.